सायकलच्या हँडलला बॅग घेताय? आधी मोजपट्टी घ्या, मग बॅग बघा

जळगाव जिल्ह्यात खिरोद्याकडून पालला जो घाट चढतो ना, तिथून परत उतरताना माझी पहिली हँडलबार बॅग पुढच्या टायरवर टेकली. घर्रर्र असा आवाज आला, मला वाटलं बाभळीची काटी अडकली, थांबून बघतो तर बॅगच्या बुडाला रुपयाएवढं भोक आणि आत दशमी बांधलेलं फडकं पण घासून काळं झालेलं. बॅग वाईट होती असं नाही, शिवण चांगली होती, कापड दणकट होतं, पण ती माझ्या सायकलसाठी नव्हतीच. सायकल छोट्या फ्रेमची, पुढे सस्पेन्शन, आणि बॅग आठ लिटरची, तिची जाडीच २० सेंटीमीटर. घ्यायच्या आधी पाच मिनिटं मोजपट्टी लावली असती तर तिथेच कळलं असतं. बॅगच्या ऐवजी तिचा पट्टा चाकात गेला असता तर उतारावर चाक जाम होऊन मी हँडलवरून पुढे फेकला गेलो असतो, ते आठवलं की अजून धस्स होतं. म्हणून एवढं सविस्तर लिहितोय, जळगाव-धुळे-नंदुरबारकडे सायकल चालवणारे आता पुष्कळ झालेत आणि बॅगचा प्रश्न प्रत्येकाला पडतोच.

एक गोष्ट आधीच सांगतो, माझं सगळं म्हणणं तिच्यावरच आहे. हँडलवरची बॅग ही हाताशी लागणाऱ्या वस्तूंची बॅग आहे, सामानाची नाही. सामान मागे कॅरियरला किंवा फ्रेममध्ये लावायचं. पुढे फक्त ते, जे चालता चालता किंवा एक पाय टेकवून लगेच काढायचं असतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्म्या बॅगा आपोआप यादीतून जातात.

सामान ओट्यावर मांडा

राइडला निघायच्या आदल्या रात्री जे जे सोबत नेता ते सगळं स्वयंपाकाच्या ओट्यावर मांडा आणि घरात वजनकाटा असेल तर त्याच्यावर ठेवून बघा. माझं असं निघालं: फोन २०० ग्रॅम, दहा हजार एमएएचची पॉवर बँक सव्वादोनशेच्या आसपास, एक ट्यूब, पंक्चरचं सामान, टायर लिव्हर, छोटा मल्टीटूल, ओआरएसच्या दोन पुड्या, शेंगदाण्याची चिक्की, दोन दशम्या आणि चटणी, दोन केळी, रुमाल, सुटे पैसे, आधार कार्डची झेरॉक्स. सगळं मिळून दीड किलोच्या थोडं वर गेलं. मग यातून दोन ढीग करा. एका ढिगात दर तासाला लागणारं, म्हणजे खाणं, ओआरएस, फोन, पैसे, रुमाल. दुसऱ्या ढिगात लागलं तरच लागणारं, म्हणजे ट्यूब, टूल, पंप. दुसरा ढीग जड असतो आणि तो सीटखालच्या छोट्या पाऊचमध्ये गेलेला बरा. पुढे राहतं ते एक किलोच्या आतबाहेर, आणि एवढ्याने हँडल जड लागत नाही.

पुढे वजन वाढलं की काय होतं ते एकदा अनुभवून बघा. हँडलला दोन लिटर पाण्याची बाटली बांधून कॉलनीत हळू चक्कर मारा, कमी स्पीडला हँडल आपोआप एका बाजूला पडायला बघतं, एक हात सोडला की सायकल डगमगते. बॅग हँडलपासून जितकी पुढे लटकते तितका हा त्रास वाढतो, म्हणून तेवढ्याच वजनाची चपटी, हँडलला चिकटून बसणारी बॅग ही पुढे आलेल्या फुगीर बॅगपेक्षा कायम चांगली. चांगल्या माउंटवर, म्हणजे बॅग हँडलला अडकवायच्या जोडावर, किती किलो चालतं ते छापलेलं असतं, बऱ्याच ठिकाणी पाच किलो दिसेल, पण ती माउंटची ताकद झाली. आपल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर आरामात चालवायचं तर मी दोन किलोच्या वर जात नाही.

लिटरच्या आकड्यावर पण जाऊ नका, स्वतः हिशेब करा, सोपा आहे. चौकोनी बॅग असेल तर लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले १०००. २४ बाय १२ बाय १६ ची बॅग म्हणजे ४.६ लिटर. गोल नळकांड्यासारखी असेल तर अर्ध्या जाडीचा वर्ग गुणिले ३.१४ गुणिले लांबी, तेच परत भागिले १०००. १२ सेंटीमीटर जाडी आणि २२ लांबीची बॅग अडीच लिटर होते. रोज ऑफिसला किंवा सकाळच्या मेहरूण तलावाच्या चकरांना अडीच-तीन लिटर भरपूर आहे, दिवसभराच्या राइडला चार ते पाच, आणि त्याच्यावर लागत असेल तर तुम्हाला मागच्या कॅरियरची बॅग पाहिजे, पुढची मोठी नको.

आता मोजपट्टी

चार मापं घ्यायची आणि फोनमध्ये लिहून ठेवायची.

पहिलं, हँडलपासून टायरपर्यंतची जागा. बॅग हँडलच्या पुढे लटकते म्हणून मोजपट्टी पण चार बोटं पुढे धरून खाली टायरच्या वरच्या कडेपर्यंत मोजा. सस्पेन्शन असेल तर फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा चिमटा, किती दबतो ते त्यातून वजा करा, साध्या एमटीबीला, म्हणजे माउंटन बाइकला, ते बहुतेक ८० किंवा १०० मिलीमीटर असतं. मग अजून चार सेंटीमीटर सुरक्षेसाठी वजा. माझ्या सायकलवर २७ सेंटीमीटर जागा होती, १० सस्पेन्शनचे गेले, ४ सुरक्षेचे गेले, राहिले १३. आणि मी लावली होती २० ची. उभ्या सायकलवर सात सेंटीमीटर मोकळे दिसत होते म्हणून मला वाटलं बसली व्यवस्थित, घाटात खड्ड्यात फोर्क पूर्ण दबला आणि बॅग टेकली. फोर्कला लॉकआउट (सस्पेन्शन बंद करायची सोय) आहे म्हणून हे वजा करायचं सोडू नका, उतारावर लॉक काढलेलाच असतो.

दुसरं माप रुंदीचं. सरळ हँडल असेल तर ब्रेकच्या लिव्हर आणि गिअरच्या शिफ्टरच्या मधली मोकळी जागा मोजा, तिथे सहसा अडचण येत नाही. वाकड्या हँडलची रोड बाइक असेल तर मात्र नीट बघा. हँडल ४० सेंटीमीटरचं म्हणून ४० ची बॅग बसत नाही, दोन्ही हुडच्या, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठींच्या, आतली जागा मोजायची आणि दोन्हीकडे बोटं जातील एवढं मोकळं सोडायचं. काही शिफ्टरना ब्रेक दाबायची पात आतल्या बाजूला सरकवून गिअर बदलतो, तिथे बॅगचा कोपरा आडवा आला की ऐन चढावर गिअर पडत नाही.

तिसरं माप हँडलची जाडी, स्टेमच्या, म्हणजे हँडल मध्ये धरणाऱ्या तुकड्याच्या, शेजारी. व्हर्नियर नसेल तर साधा दोरा एकदा गुंडाळा आणि दोरा पट्टीवर ठेवा. १० सेंटीमीटर आला तर हँडल ३१.८ मिलीमीटरचं, ८ आला तर २५.४ चं. कडक माउंटवाली बॅग घेताना दुकानदाराला हेच सांगावं लागतं. हँडल कार्बनचं असेल तर क्लॅम्पवाला माउंट कंपनीने चालेल असं लिहिलं असेल तरच लावा, नाहीतर पट्ट्याची बॅग.

चौथं, पुढून किती केबली येतात आणि कशा वळतात. याचा फोटोच काढून ठेवा. जुन्या प्रकारच्या काही रोड शिफ्टरमध्ये गिअरची केबल बाजूने बाहेर येऊन आडवी जाते, कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी, तिथे जाड बॅग लावली की ती केबल दुमडते आणि गिअर कधीच धड लागत नाही.

प्रकार कोणता

बाजारात मुख्य चार दिसतात. एक म्हणजे कडक माउंटवर बसणारी डब्यासारखी बॅग, जर्मन क्लिकफिक्सचा अडॅप्टर किंवा ऑर्टलिबचा स्वतःचा माउंट असतो, बटण दाबलं की बॅग हातात. ढाब्यावर शेवभाजी खायला बसलो की बॅग सोबत घेऊन जाता येते, फोन-पैसे सायकलवर सोडावे लागत नाहीत, आणि माउंट बॅगला हँडलपासून थोडं पुढे धरतो म्हणून केबली मोकळ्या राहतात. महाग आहे, पण जो दर रविवारी शंभर किलोमीटर करतो त्याने हीच घ्यावी असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरी गोल नळकांड्यासारखी छोटी, दोन पट्टे हँडलला आणि एक मध्ये हेडट्यूबला (फ्रेमची पुढची उभी नळी), दोन-तीन लिटरची. स्वस्त, हलकी, बहुतेकांना हीच पुरते. तिसरी लांब गुंडाळीची, दोन्ही तोंडं गुंडाळून बंद होतात, ती तंबू आणि स्लीपिंग बॅगसाठी असते. तोरणमाळला मुक्कामी जायचं असेल तर ठीक, रोजच्या वापराला नाही, कारण एक चिक्की काढायला सगळी गुंडाळी सोडावी लागते. चौथी म्हणजे स्टेमच्या बाजूला लटकणारा छोटा पाऊच, पाण्याच्या बाटलीएवढा, वरून दोरीने आवळायचा. याचं मला फार कौतुक आहे. एका हाताने उघडतो, त्यात केळं उभं राहतं, चिवडा राहतो. ब्रेवेटवाले, म्हणजे ठरलेल्या वेळात लांब पल्ला पूर्ण करणारे, तर याच्यावरच जगतात, २०० किलोमीटर साडेतेरा तासात पूर्ण करायचं असतं तेव्हा प्रत्येक खाण्याला थांबणं परवडत नाही.

आणि काळी लोखंडी सायकल असेल, रॉड ब्रेकवाली, तर तिला यातली कुठलीच पट्ट्याची बॅग लावू नका. तिचे ब्रेकचे रॉड हँडलच्या खालून आणि हेडट्यूबच्या पुढून उतरतात, पट्टा आवळला की रॉडच आवळला जातो आणि ब्रेक एकतर लागूनच राहतो नाहीतर पूर्ण दाबत नाही. तिला पुढे टोपली लावा, जिच्या काड्या खाली चाकाच्या एक्सलला येतात ती, वजन काड्यांवर जातं.

पट्टे आणि केबली, इथे घाई नको

बॅगचा जास्तीत जास्त त्रास कापडाचा नसतो, बांधण्याचा असतो. निव्वळ व्हेल्क्रोच्या पट्ट्यांवर माझा विश्वास नाही, आपल्याकडची धूळ त्यात भरली की सहा महिन्यात पकड जाते, आणि सुटते ती नेमकी उतारावर. पट्टा नायलॉनचा आणि बकलचा असावा, ओढून आवळता येणारा. पट्ट्याचं उरलेलं टोक गुंडाळून रबरबँडमध्ये अडकवा किंवा जास्तीचं कापून मेणबत्तीवर टोक वितळवून घ्या, लोंबतं टोक चाकात जाऊ शकतं. पट्टा घसरू नये म्हणून हँडलवर जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळा आणि त्याच्यावर पट्टा आवळा, रबर कापडाला धरून ठेवतं.

केबली दबू नयेत म्हणून बॅग आणि हँडलच्या मध्ये दोन-तीन सेंटीमीटर जागा पाहिजे. महागड्या बॅगला फोमचे ठोकळे येतात. आपल्याकडे त्यापेक्षा सोपं आहे, कुठल्याही शेतकऱ्याकडे ठिबकच्या नळीचे तुकडे पडलेले असतात. माझ्या काकांच्या केळीच्या बागेतून मी २० मिलीमीटरची नळी आणली, त्याचे तीन-तीन सेंटीमीटरचे तुकडे ब्लेडने कापले, कडा पॉलिश पेपरने घासल्या आणि पट्टा हँडलकडे जाण्याआधी एकेका तुकड्यातून ओवला. १६ ची नळी असेल तर पट्टा थोडा दुमडून घालावा लागतो, पण जातो. दोन तुकडे वर, एक खाली हेडट्यूबच्या पट्ट्याला. बॅग बरोबर तेवढी पुढे उभी राहते आणि केबली मागून मोकळ्या वळतात. ही नळी शेतात उन्हातच पडून राहायला बनवलेली असते, माझे तुकडे दोन उन्हाळे झाले तसेच्या तसे आहेत.

हेडट्यूबला जिथे बॅग घासते तिथे रंग जातो, धुळीने तर पॉलिश पेपरसारखं काम होतं, म्हणून तिथे जाड पारदर्शक टेप आधीच लावून टाका.

लाइटचं पण आत्ताच बघा. हँडलवरचा लाइट बॅगमागे गेला की समोर रस्त्यावर बॅगची सावली पडते. सीझनमध्ये संध्याकाळी रावेर-सावदा बाजूला केळीच्या गाड्या आणि मागे लाइट नसलेले ट्रॅक्टर असतात, तिथे अंधारात जाणं म्हणजे जिवाशी खेळ. लाइट खाली फोर्कच्या डोक्यावर घ्या किंवा हँडलला एक्स्टेंशनची छोटी दांडी लावून बॅगच्या पुढे आणा.

ऊन, धूळ, पाऊस

आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश काही नवीन नाही आणि काळी बॅग उन्हात उभी राहिली की आतली हवा बाहेरच्यापेक्षा गरम होते. वर पारदर्शक खिसा असलेल्या बॅगा मॅप बघायला छान वाटतात पण एप्रिल-मेमध्ये त्यात फोन ठेवू नका, ॲपलसारखी कंपनी पण ३५ अंशापर्यंतच्या हवेतच फोन वापरा म्हणून सांगते, आणि त्या प्लास्टिकखाली तर भट्टी होते. फोन बॅगच्या आत, रुमालात गुंडाळून, पॉवर बँकला चिकटवून नाही. रंग शक्यतो फिकट घ्या, राखाडी, खाकी, केशरी काहीही, केशरी असेल तर गाडीवाल्याला लांबून दिसतो हा अजून एक फायदा.

धुळीसाठी चेन बघा. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, बारीक दातांच्या चेनमध्ये बसली की ती मध्येच अडते. मोठ्या दातांची चेन, वरून कापडाची पट्टी झाकलेली, आणि ओढायला लांब दोरी, म्हणजे हातमोज्यानेही पकडता येते. महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने झाडून दातांवर मेणबत्ती फिरवायची. चेन किंवा झाकण कुठल्या बाजूने उघडतं हेही महत्त्वाचं, झाकण तुमच्यापासून लांब, पुढच्या बाजूला उघडणारं असावं, हात सरळ आत जातो. तुमच्याकडे उघडणारं झाकण दर वेळी हाताच्या आडवं येतं.

पावसाबद्दल थोडक्यात, वॉटरप्रूफ लिहिलेलं असलं तरी शिवण असेल तिथे सुईच्या भोकातून पाणी येऊ शकतं, शिवणीऐवजी वेल्डिंग केलेली आणि वरून गुंडाळून बंद होणारी बॅग खरी वॉटरप्रूफ. घरी तपासायचं असेल तर बॅगमध्ये जुना पेपर कोंबा, बाथरूममध्ये मग्याने पाच मिनिटं पाणी ओता आणि पेपर बघा. शिवणीची बॅग असेल तर फोन आणि पैसे जाड प्लास्टिकच्या पिशवीत, आपल्या पावसाला एवढं पुरतं.

शिवून पण घेता येते

दुकानात मापात बसणारी मिळाली नाही तर शिवून घ्या, मी दुसरी बॅग तशीच केली. मोटारसायकलची सीट कव्हरं शिवणारा किंवा शाळेची दप्तरं दुरुस्त करणारा बघायचा, साध्या कपड्याच्या शिलाई मशीनवर हे होत नाही. मी जाड नायलॉनचं कापड, वर ताडपत्रीचं झाकण आणि आत आकार राहावा म्हणून जुन्या प्लास्टिक फाइलचा पुठ्ठा दिला. पट्टे जिथे बॅगला जोडतात तिथे बोट ठेवून कारागीर म्हणाला, "आठे डबल शिलाई मारनी पडी भाऊ, नही ते उसवी जाई," म्हणजे इथे डबल शिलाई मारावी लागेल, नाहीतर उसवेल, आणि त्याचं अगदी बरोबर होतं, सगळा भार तिथेच येतो. त्याने पट्टा नुसता कडेला न जोडता बॅगच्या पाठीवरून पूर्ण खालपर्यंत उतरवला आणि चौकोनात फुली अशी शिलाई मारली. विकतची बॅग घेतानापण हेच बघा, पट्ट्याच्या मुळाशी चौकोन-फुली आहे का. नसेल तर कापड कितीही भारी असू दे, ठेवून द्या.

घेण्याच्या आधी अजून एक करा, खर्च काही नाही. तुमच्या मापाची बॅग जेवढी होईल तेवढा टॉवेल गुंडाळा, मध्ये एक किलो तांदळाची पिशवी, आणि सुतळीने हँडलला घट्ट बांधून दहा किलोमीटर फिरून या. गुडघा लागतो का, उभं राहून पेडल मारताना अडचण होते का, गिअर पडतात का, सगळं समजतं.

लावल्यावर

बॅग भरून बांधा, रिकामी बांधू नका, भरल्यावर ती खाली बसते. हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे फिरवा, कुठली केबल ताणते का बघा. पुढचं चाक उचलून फिरवा आणि हँडल वळवत ब्रेक दाबा, चाक लगेच थांबलं पाहिजे आणि सोडल्यावर मोकळं फिरलं पाहिजे. मग सायकलवर बसून पुढचा ब्रेक धरा आणि सगळं वजन हँडलवर देऊन सस्पेन्शन पूर्ण दाबा, कोणाला तरी बाजूने बघायला सांगा की बॅग आणि टायरमध्ये किती राहिलं. तीन बोटं राहिली नाहीत तर पट्टे वर घ्या किंवा बॅग बदला. आतमध्ये जड वस्तू हँडलच्या बाजूला आणि खाली, हलक्या पुढे. केळी बॅगच्या तळाला टाकू नका, रंबलरवर दहा मिनिटात लगदा होतो, एकतर स्टेमच्या पाऊचमध्ये उभी नाहीतर छोट्या डब्यात.

पहिल्या राइडला पाच किलोमीटरवर थांबून पट्टे परत ओढा, नवीन पट्टा हमखास सैल होतो. नंतर दर राइडच्या आधी एकदा हात लावून हलवून बघायचं, जसं टायरची हवा बघतो तसं.

धुताना साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने, सावलीत उलटी टांगून वाळवा, वॉशिंग मशीनमध्ये टाकली की आतलं कोटिंग सुटतं. आणि केळीच्या बागेत सायकल टेकवली असेल आणि बॅगवर चीक पडला असेल तर तो ओला आहे तोवरच पुसून टाका, एकदा वाळला की तो काळा डाग कशानेच निघत नाही, माझ्या खाकी बॅगवर दोन आहेत.